रूकचे पत्ते

पत्त्यांचें नांव काढतांच पुष्कळ घरांत वडील मंडळींच्या कपाळास आठी पडते. अमेरिकेंतही असेंच होतें. तेथील कित्येक कर्मठ ख्रिस्ती कुटुंबें राजा, राणी व गुलाम यांच्या चित्रांचा संबंध जुगाराशीं जोडीत व तसा जोड घरांत येऊं देत नसत. ही अडचण ओळखून सेलम येथील पार्कर ब्रदर्स या कंपनीनें १९०६ सालीं निराळाच जोड काढिला.

त्यांत राजा नाहीं, राणी नाहीं. तांबडा, पिवळा, हिरवा व काळा असे चार रंग, प्रत्येकांत १ ते १४ आंकडे, मिळून ५६ पानें. सत्तावन्नावें पान रूक पक्ष्याचें. (हा कावळ्याच्या जातीचा पक्षी होय, बुद्धिबळांतील हत्ती नव्हे.)

लोक थट्टेनें या खेळास ‘मिशनरी पोकर’ म्हणत. थट्टेंत तथ्य आहे. पिसणें, हुकूम, भिडू सारें तेंच. पैसे लावावयाचे तर आंकड्यांवरही लावतां येतात. दोष पैशाच्या पैजेंत, चित्रांत नव्हे, असें आम्हांस वाटतें. तथापि ज्या घरांत पत्त्यांस मज्जाव होता तेथें आईबाप व मुलें एकत्र डाव मांडूं लागलीं, हें या जोडाचें श्रेय आम्ही नाकारीत नाहीं.

एका प्रचलित रीतींत १ ते ४ हीं पानें वगळितात. पंजाचे ५, दश्शीचे १०, चौदाचे १० व रूकचे २०, असे एकंदर १२० गुण. चौघे खेळतात, समोरासमोरचे दोघे भिडू. सर्वांत मोठी बोली करणारा हुकुमाचा रंग ठरवितो. पण बोललेले गुण भरले नाहींत तर तितकेच वजा होतात, आणि त्यांत बिचाऱ्या भिडूचाही वांटा असतो.