हिंवाळ्यांत मांसास धुरी देणें

अमेरिकेंतील व्हर्जिनिया, केंटकी व टेनेसी या राज्यांतील शेतकरी कुटुंबें डुकराची मागील मांडी मीठ लावून व धुरी देऊन वर्षभर टिकवीत आलीं आहेत. जनावर मारावयाचें तें डिसेंबर-जानेवारीच्या कडक थंडींतच, असा त्यांचा जुना परिपाठ. हें मांस धुरानें टिकतें, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची असून प्रसंगीं जिवावर बेतणारी आहे. धूर शेवटीं येतो. खरें काम मीठ करितें, आणि मिठास अवधि मिळतो तो थंडीमुळें.

मीठ बाहेरून आंत शिरतें; जाड मांडीचें कुजणें बहुधा हाडापाशीं, आंतून सुरू होतें. हवा २ ते ४ अंश सेल्सिअस असली म्हणजे कुजणें मंदावतें व तोंवर मीठ हाडापर्यंत पोहोंचतें. त्यांचें एक प्रचलित प्रमाण दर ५० किलो मांसास ४ किलो मीठ, १ किलो साखर व सुमारें ६० ग्रॅम सोरा असें आहे. सोरा जास्त झाल्यास विषारी, म्हणून तो मुठीनें न घेतां कांट्यावर तोलावा लागतो. मुरण्याची मुदत जाडीच्या दर इंचास ७ दिवस. ५ इंच जाडीस ३५ दिवस झाले. मात्र अतिथंडीही उपयोगाची नाहीं. मांस गोठलें कीं मीठ आंत शिरेनासें होतें, आणि जितके दिवस तें गोठलें तितके दिवस मुदतींत वाढवावे लागतात. तेव्हां मीठ लावल्याची तारीख, वजन व रोजचा पारा यांची वही ठेवणें आलेंच. नोंदींचा कंटाळा असणारानें या वाटेस जाऊंच नये.

मुदत भरल्यावर वरचें मीठ धुवून मांडी चांगली कोरडी करितात, कारण ओल्या मांसावर काजळी बसून तें कडू होतें. मग ती धूरघरांत टांगतात. धूरघर म्हणजे लांकडी चौकोनी खोपटें. त्यास धुराडें नसतें; वळचणीच्या फटींतून धूर हळूहळू बाहेर पडतो. खालीं मातीच्या जमिनीवर हिकरी, सफरचंद किंवा मेपल यांचें लांकूड धुमसत ठेवितात. चिडासारखें राळेचें लांकूड टाळितात. उष्णता ३२ अंशांवर जाऊं देत नाहींत, कारण मांस शिजवावयाचें नसतें. धुरानें पृष्ठभाग सुकतो, बुरशीस अडथळा होतो व चरबी लवकर खवट होत नाहीं. एवढेंच त्याचें काम. पुढें कांहीं महिने मांडी टांगून ठेवितात. शेवटीं हाडालगत बारीक सुई खुपसून तिचा वास घेतात व आंबूस वास आल्यास ती मांडी फेंकून देतात.

ही परीक्षा कुजण्याची झाली, विषाची नव्हे. बोटुलिनम नांवाचा जंतु मांसाच्या आंत, जेथें हवा नाहीं तेथें वाढतो; त्याचें विष वासानें ओळखूं येत नाहीं, व तें अत्यल्प प्रमाणांतही प्राणघातक असतें.

पुणें-नाशिककडे डिसेंबरांत पहाटे हुडहुडी भरते, म्हणून मळ्यावर असा प्रयोग करण्याचा मोह कोणास होईल. परंतु दुपारीं तोच पारा २८-३० अंशांपर्यंत चढतो. येथें महिनाभर रात्रंदिवस अखंड गारवा पाहिजे. पहाटेची थंडी चालत नाहीं. ज्याजवळ शीतगृह नाहीं त्यानें या खटपटींत पडूं नये. कोंकणांत मासळी कडक उन्हांत वाळवितात, ती रीत तेथील हवेस धरून आहे. मासळी पातळ, ती लवकर सुकते. पांच इंची मांडीस तेवढी उसंत मिळत नाहीं.