बिटकॉईन आणि रुपयाचा प्रश्न

चलन म्हणजे काय, असे प्रथम वर्षाच्या वर्गात विचारले की उत्तर ठरलेले येते : विनिमयाचे माध्यम, मूल्याचे मापन आणि मूल्याचा संचय. पाठ्यपुस्तकातील हे उत्तर बरोबरच आहे. मात्र त्यात एक गोष्ट सांगावयाची राहून जाते. हे चलन काढतो कोण, आणि किती काढावयाचे हे ठरवितो कोण? बिटकॉईन नावाचे चलन २००९ पासून जगात वावरत आहे. आपल्याकडे कोणी त्याला जादूचा दिवा समजतो, कोणी जुगार. त्याचा अभ्यास वरील प्रश्नापासून सुरू करावा, असे मला वाटते. २०१३ पासून मी हे चलन अगदी अल्प प्रमाणात वापरीत आलो आहे. त्यामुळे प्रस्तुत लेखात ऐकीव गोष्टींपेक्षा स्वतः हाताळून पाहिलेल्या गोष्टींवर भर राहील.

चलन काढण्याच्या अधिकाराचा आपल्या देशात ज्यांनी फार खोलवर विचार केला, त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव अग्रभागी आहे. मार्च १९२० मध्ये आपल्या करवीर संस्थानातील माणगाव येथे परिषद झाली. राजर्षी शाहू महाराज तिला उपस्थित होते. त्याच वर्षी बाबासाहेब अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला गेले. तेथे लिहिलेला त्यांचा प्रबंध १९२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. विषय होता रुपयाचा प्रश्न. माणगाव परिषद आपण दरवर्षी आठवतो. हा ग्रंथ मात्र कपाटातच राहतो.

ग्रंथातील मुद्दा थोडक्यात असा. १८९३ पर्यंत कोणीही चांदी घेऊन सरकारी टांकसाळीत जावे आणि तिचे रुपये पाडून आणावेत, अशी मुभा होती. ती त्या वर्षी बंद झाली. पुढे रुपयातील चांदीची किंमत आणि रुपयाची किंमत यांची फारकत झाली आणि रुपये किती पाडावयाचे हे सरकारच्या मर्जीवर आले. केन्स यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाने ज्या सुवर्ण विनिमय परिमाणाची वाखाणणी केली, त्याच पद्धतीवर आंबेडकरांनी टीका केली. कारण तीत चलन काढणाऱ्याच्या हाताला बांध नव्हता. रुपये पाडणे थांबवावे आणि त्यांची संख्या कायमची मर्यादित करावी, अशी त्यांची भूमिका होती. हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी ती मांडली. त्यांचा दुसरा मुद्दा तितकाच महत्त्वाचा आहे. रुपया पौंडाशी किंवा सोन्याशी किती दराने बांधला, यावर त्याची स्थिरता ठरत नाही. बाजारातील सर्वसाधारण मालाच्या मानाने त्याची क्रयशक्ती टिकते की नाही, यावर ती ठरते. म्हणजे चलनाच्या दोन कसोट्या झाल्या : निर्गमाला मर्यादा आणि क्रयशक्तीचे स्थैर्य. या दोन कसोट्या घेऊन आता आपल्या विषयाकडे येऊ.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. हे नाव धारण करणारी व्यक्ती कोण, की ती एक व्यक्ती नसून अनेक जण आहेत, हे आजतागायत उघड झालेले नाही. अमेरिकेत बँका कोसळत होत्या आणि सरकारे त्यांना सावरीत होती, तो हा काळ. ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉईनच्या नोंदवहीचे पहिले पान लिहिले गेले. लंडनच्या ‘द टाइम्स’ या दैनिकाचा त्या दिवशीचा, बँकांना दिल्या जाणाऱ्या दुसऱ्या सरकारी मदतीविषयीचा मथळा त्या पानात गुंफलेला आहे.

नोंदवही हा शब्द मी मुद्दाम वापरला. बिटकॉईन म्हणजे संगणकात ठेवलेले नाणे, अशी समजूत करून घेतली की पुढचे काहीच कळत नाही. संगणकावरील कोणत्याही गोष्टीची नक्कल होते. मी तुम्हांस छायाचित्र पाठविले तरी ते माझ्याजवळ राहतेच. पैशाचे असे झाले तर एकच रुपया दहा जणांना देता येईल. हे टाळण्यासाठी बँक आपल्या वहीत नोंद ठेवते. बिटकॉईनमध्ये बँक नाही, पण वही आहे, आणि ती जगातील हजारो संगणकांवर एकसारखी ठेवलेली आहे.

शेतकरी कुटुंबातून आलेल्या विद्यार्थ्यांना हे समजावताना मला तलाठ्याच्या दप्तराचा उपयोग होतो. सात-बारा उताऱ्यावर जमिनीचा आजचा धनी दिसतो. तो धनी कसा झाला हे फेरफार नोंदींत सापडते. बिटकॉईनची वही ही निव्वळ फेरफारांची वही आहे. अमक्याने तमक्यास इतके दिले, एवढेच तीत असते. कोणाची शिल्लक किती, हे त्यावरून काढावे लागते. फेरफाराची नोटीस चावडीवर लागते, हरकतींसाठी पंधरा दिवस जातात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. येथे नोटीस जगभर लागते. हरकतीचे काम, म्हणजे ही रक्कम आधीच कोणाला दिली आहे काय हे पाहण्याचे काम, प्रत्येक संगणक स्वतः करतो. प्रमाणित करणारा अधिकारी मात्र नेमलेला नसतो. तो दर खेपेस एका शर्यतीतून ठरतो.

ती शर्यत अशी. कोणताही मजकूर एका ठरावीक गणिती रीतीतून काढला की त्याचा चौसष्ट अक्षरांचा ठसा मिळतो. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी सगळा ठसा बदलतो आणि ठशावरून मजकूर ओळखता येत नाही. नव्या नोंदींचे पान, त्याला जोडलेला मागील पानाचा ठसा आणि एक मनाचा आकडा घेऊन असा ठसा काढावयाचा, की त्याच्या आरंभी पुष्कळ शून्ये यावीत. याला आकडे बदलून पाहत राहण्याखेरीज दुसरा मार्ग नाही. ज्याला आधी जमले त्याचे पान वहीत लागते आणि त्याला नवी बिटकॉईन मिळतात. सरासरीने दर दहा मिनिटांस एक पान लागावे, अशा बेताने दर २,०१६ पानांनंतर शर्यतीची काठिण्यपातळी आपोआप बदलते. प्रत्येक पानात मागील पानाचा ठसा असल्याने जुन्या नोंदीत खाडाखोड करावयाची तर त्यापुढील सर्व पाने पुन्हा जिंकावी लागतील. यासाठी वीज अफाट जाते आणि हा आक्षेप खरा आहे. घरच्या संगणकावर ही शर्यत खेळणे २०१३ सालीही विजेच्या बिलाला परवडणारे नव्हते.

त्या वर्षीच्या जुलै महिन्यात मी पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थ्याला पाचशे रुपये रोख दिले आणि त्याने मला एका बिटकॉईनच्या दहाव्या हिश्शाहून थोडी कमी रक्कम पाठविली. एका बिटकॉईनचा एक कोटीवा... नव्हे, दहा कोटीवा भागही पाठविता येतो. त्याला सातोशी असेच नाव आहे. मी नोंदवहीची पूर्ण प्रत उतरवून घेण्याचे ठरविले. राजारामपुरीतील त्या वेळच्या माझ्या इंटरनेट जोडणीवर ते काम आठवडाभर चालले. आज त्या वहीचा आकार सहाशे गिगाबाइटांच्या पुढे गेला आहे. मग मी माझ्याच एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर निम्मी रक्कम पाठवून पाहिली. पत्ता म्हणजे चौतिसेक अक्षर-अंकांची एक ओळ. तीत नाव नाही, गाव नाही. तेव्हा एक मौजेची गोष्ट ध्यानात आली. माझ्या पत्त्यावरील रक्कम फोडून अर्धी गेली नाही. ती सगळीच गेली आणि उरलेली मला परत आली. जशी पाचशेची नोट फाडता येत नाही, ती देऊन सुटे घ्यावे लागतात. थोडे शुल्क कापले गेले. नोंद पहिल्या पानात लागण्यास वीस-बावीस मिनिटे लागली. दहा मिनिटे ही सरासरी आहे. कधी दोन मिनिटांत पान लागते, कधी पाऊण तास थांबावे लागते. बाजारात मंडई करताना हे चलन का चालणार नाही, हे त्या वीस मिनिटांत मला उमगले.

आता पहिली कसोटी. आरंभी दर पानामागे ५० नवी बिटकॉईन निघत. दर २,१०,००० पानांनंतर, म्हणजे सुमारे चार वर्षांनी, हा आकडा निम्मा होतो : २०१२ साली २५, २०१६ साली साडेबारा, २०२० साली सव्वासहा, एप्रिल २०२४ पासून ३.१२५. अकरावीत शिकलेली भूमितीय श्रेणी आठवावी. ५० अधिक २५ अधिक साडेबारा असे करीत गेल्यास बेरीज १०० च्या जवळ जाते, पण तिला ओलांडीत नाही. तिला २,१०,००० ने गुणले की दोन कोटी दहा लाख येतात. याहून अधिक बिटकॉईन निघावयाची नाहीत. निर्गमाची मर्यादा कोणा गव्हर्नराच्या किंवा मंत्र्याच्या मर्जीवर न ठेवता सर्वांसमोरच्या नियमात बांधली गेली आहे, एवढ्यापुरते पहिल्या कसोटीस हे चलन उतरते. यावरून आंबेडकर आज असते तर बिटकॉईनचे पुरस्कर्ते झाले असते, असे कोणी म्हणू लागल्यास मात्र त्याला दुसरी कसोटी दाखवावी.

दुसऱ्या कसोटीवर बिटकॉईन साफ नापास होते. डिसेंबर २०१७ मध्ये एका बिटकॉईनचा भाव एकोणीस हजार डॉलरांच्या पुढे गेला आणि वर्षभरात चार हजारांच्या खाली आला. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो अडुसष्ट हजारांवर होता, पुढील नोव्हेंबरात सोळा हजारांच्या आसपास. शाहू मार्केट यार्डातील गुळाच्या व्यापाऱ्याने सौदा या चलनात ठरविला तर पट्टी होईपर्यंत शेतकरी किंवा व्यापारी यांपैकी एक जण बुडेल. पुरवठा ठाम आणि मागणी लहरी असली की सगळा भार किमतीवर पडतो. केवळ संख्या मर्यादित केल्याने क्रयशक्ती स्थिर होत नाही, हे याहून स्पष्ट कोठे दिसावयाचे?

येथे पहिल्या कसोटीचे गणित एका वेगळ्याच ठिकाणी उपयोगी पडले. २०१७ च्या सुमारास आपल्या भागातही बिटकॉईनच्या नावाने योजना फिरू लागल्या. गडहिंग्लजकडील एक निवृत्त प्राथमिक शिक्षक माझ्याकडे आले. अशाच एका योजनेत त्यांनी दोन लाख भरले होते आणि भविष्यनिर्वाह निधीचे पैसेही घालण्याचा विचार होता. दरमहा दहा टक्के वाढ मिळेल, तीही बिटकॉईनमध्येच, असे एजंटाने सांगितले होते. मी म्हटले, “गुरुजी, हिशेब मांडू.” त्या वर्षी दिवसाला सुमारे १४४ पाने, दर पानामागे साडेबारा, म्हणजे दिवसाला १,८०० आणि वर्षाला साडेसहा लाखांच्या आसपास. तोवर निघालेली बिटकॉईन एक कोटी साठ लाखांच्या पुढे. म्हणजे साऱ्या जगातील बिटकॉईन वर्षाला चार टक्क्यांनी वाढत होती. यांची महिन्याला दहा टक्क्यांनी कशी वाढणार? एक तर दुसऱ्या कोणाची घेऊन द्यावी लागतील, नाही तर देऊच नयेत. गुरुजींनी आकडेमोड दोनदा तपासली. जन्मभर मुलांच्या वह्या तपासलेला हात तो. निधीचे पैसे वाचले. आधीचे दोन लाख आले नाहीत.

त्यांच्याजवळ होते ते एका पडद्यावरील शिल्लकेचे आकडे. वहीत ते कोठेच नव्हते. हा भेद समजावा म्हणून किल्लीविषयी सांगितले पाहिजे. प्रत्येक पत्त्याला एक गुप्त संख्या असते. तिनेच देण्याच्या व्यवहारावर सही होते. ही संख्या लक्षात ठेवणे अशक्य, म्हणून ठरावीक २,०४८ शब्दांच्या यादीतील बारा किंवा चोवीस शब्दांत ती मांडतात. ज्याच्याजवळ ते शब्द त्याचे बिटकॉईन. मालकीचा दुसरा पुरावा नाही, दाद मागावयास दुसरी कचेरी नाही. मुंबईच्या वझीरएक्स या बाजारपेठेतून जुलै २०२४ मध्ये सुमारे तेवीस कोटी डॉलरांची कूटचलने चोरीस गेली. ग्राहकांच्या किल्ल्या त्यांच्या हाती नव्हत्याच. पुण्याशी संबंधित गेनबिटकॉईन प्रकरण त्याहून बोधक आहे. दरमहा दहा टक्क्यांचेच आमिष दाखविल्याचा आरोप असलेल्या या योजनेच्या चालकांना पुणे पोलिसांनी २०१८ साली अटक केली आणि तपासासाठी जाणकारांची मदत घेतली. मार्च २०२२ मध्ये त्याच जाणकारांपैकी दोघांना, जप्त खात्यांतील कूटचलन परस्पर वळविल्याच्या आरोपावरून, पोलिसांनी अटक केली. पुढे तपास सीबीआयकडे गेला. सोने जप्त करून लाखेची मोहोर लावता येते. किल्ली एकदा नजरेखालून गेली की तिची नक्कल कोणाकोणाजवळ आहे, हे सांगता येत नाही.

कायद्याची स्थिती थोडक्यात. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१३ मध्ये लोकांना सावध केले आणि ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना या व्यवहारांपासून दूर ठेवले. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केले. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के कर आहे आणि एकातील तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही. बाळगणे गुन्हा नाही, पण ते वैध चलनही नाही. १ डिसेंबर २०२२ पासून सर्वसामान्यांसाठी प्रयोगादाखल सुरू झालेला डिजिटल रुपया ही अगदी निराळी वस्तू आहे. तो रिझर्व्ह बँकेचाच रुपया आहे आणि तो किती काढावयाचा हे तीच ठरविते.

विद्यार्थ्यांकडून वारसाचा प्रश्न नेहमी येतो. धनी वारला तर तलाठ्याकडे वारस नोंद होते. बिटकॉईनच्या वहीत मृत्यूची दखल नाही. किल्ली गेली की रक्कम वहीत तशीच दिसत राहते, पण हलत नाही. म्हणून माझे बारा शब्द मी कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले आहेत, आणि त्या कागदाचा उल्लेख मृत्युपत्रात केला आहे. शब्द मात्र मृत्युपत्रात लिहिलेले नाहीत. ते वाचणारा प्रत्येक जण, साक्षीदारासह, मालक झाला असता.