पाण्याची खरी नोंद
दख्खनच्या काळ्या खडकातील अरुंद विंधन विहिरीत पंप, त्याची केबल आणि उपशाची नळी यांनीच बहुतेक जागा व्यापलेली असते. तेथे जलपातळी मोजणारा सेन्सर मोकळा सोडल्यास तो गुंतून अडकतो. म्हणून जागा असेल तेथे छिद्रे पाडलेली बारीक नळी आधी उतरवावी आणि तिच्यातून सेन्सर उन्हाळ्यातील नीचतम पातळीच्याही खाली टांगावा. तो वस्तुतः दाब मोजतो : १ मीटर पाण्याचा दाब सुमारे ९.८ किलोपास्कल. बंदिस्त सेन्सर असल्यास हवेचा दाब वजा करावा. पंप थांबवून पातळी स्थिरावल्यावर मोजपट्टीने पडताळा घ्यावा. विद्यार्थ्यांनी हे विसरू नये : चुकीच्या नोंदीवर गावाने उपसा ठरविला, तर तहान प्रथम टोकाच्या वस्तीला गाठते.