चवदार तळ्याचे पाणी

उन्हातान्हातून दारी आलेल्या माणसापुढे आधी पाण्याचा तांब्या ठेवावा आणि मग त्याचे कुशल विचारावे, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. चैत्र-वैशाखात वाटसरूंसाठी ठिकठिकाणी पाणपोया लागतात. तहानलेल्यास पाणी पाजण्यासारखे पुण्य नाही, असे आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु मुलांनो, याच भूमीत एका सार्वजनिक तळ्याचे ओंजळभर पाणी प्यायल्याबद्दल माणसांना रक्तबंबाळ होईपर्यंत मार खावा लागला, हेही तितकेच खरे आहे. ती हकीकत आपण समजून घेऊ.

सातारच्या शाळेत भीमराव नावाचा एक हुशार मुलगा शिकत होता. त्या काळी ज्या जातींना अस्पृश्य मानले जाई, त्यांपैकी एका जातीत तो जन्मला होता. तहान लागली तरी शाळेच्या नळाला त्याने हात लावायचा नसे. शिपाई नळ सोडील तेव्हाच त्याने पाणी प्यावे. शिपाई नसेल त्या दिवशी कोरड्या घशाने बसून राहावे. हाच मुलगा पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर या नावाने जगाला माहीत झाला.

अशा माणसांची तहान पाहून व्यथित होणारे लोकही होते. पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. हे मोठ्या धैर्याचे काम होते. तथापि तो एका उदार पुरुषाचा स्वतःचा हौद होता. जी तळी आणि ज्या विहिरी सर्वांच्या पैशांतून राखल्या जात, त्यांचे काय? त्यांवर सर्वांचाच हक्क नको काय?

हाच प्रश्न मुंबईच्या कायदेमंडळात निघाला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मंडळाने संमत केला. सार्वजनिक पैशांतून बांधलेल्या अथवा चालविलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असे त्यात म्हटले होते. त्यास अनुसरून कोकणातील महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली गावातील चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. महाड हे गाव तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात आहे. तळे चार-पाच एकरांचे, सभोवती नगरपालिकेचे रस्ते. परंतु ठराव दप्तरात राहिला. ज्यांच्यासाठी तो केला होता, त्यांना तळ्याकडे फिरकण्याचीही सोय नव्हती.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. आंबेडकर होते. दूरदूरच्या खेड्यांतून लोक पायी चालत आले होते. या पाहुण्यांना पिण्यासाठी पाणी हवे होते. गावात एवढे मोठे तळे भरलेले असताना परिषदेस चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले!

दुसऱ्या दिवशी परिषदेचे काम संपत आले. तेव्हा अनंतराव चित्रे यांनी सुचविले की, आता आपण सर्वांनी तळ्यावर जाऊन आपला हक्क बजावावा. सभेत उत्साहाची लाट उसळली. रांगा करून, अत्यंत शिस्तीने तो जनसमुदाय गावातील रस्त्यांनी निघाला. अग्रभागी बाबासाहेब होते. ते तळ्याच्या पायऱ्या उतरले, खाली वाकले आणि त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन ते प्राशन केले. त्यांच्यामागून शेकडो ओंजळी पाण्यात बुडाल्या. कोणी कोणास धक्का दिला नाही, कोणी कोणाची वस्तू हिरावली नाही. माणसे पाणी प्यायली आणि परतली. घडले ते एवढेच.

परंतु तेवढ्याने गावात गहजब झाला. हे लोक आता मंदिरात शिरणार, अशी खोटी आवई कोणी उठविली. घोळक्याघोळक्यांनी निघालेल्या लोकांनी परतणाऱ्या प्रतिनिधींवर लाठ्या चालविल्या. कित्येक जखमी झाले. प्रतिनिधींमध्ये सैन्यात नोकरी केलेले धट्टेकट्टे पुरुष होते. त्यांनी मनात आणले असते, तर तडाख्यास तडाखा दिला असता. बाबासाहेबांनी त्यांना आवरले, आणि त्यांनी ते मानले. मार खाऊन हात न उचलणे हे मारण्याहून अवघड असते.

पुढे काही मंडळींनी तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी त्यात दूध, दही, गोमूत्र व शेण यांचे १०८ घडे बुडविले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. डिसेंबरात डॉ. आंबेडकर पुन्हा महाडास आले, तो न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम आधीच निघाला होता. तळे आमच्या खाजगी मालकीचे आहे, आणि अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी पूर्वापार आहे, असे दावा लावणाऱ्यांचे म्हणणे होते. हजारो लोक तळ्याकडे जाण्यास अधीर झाले असताना बाबासाहेबांनी न्यायालयाचा मान राखला. दावा दहा वर्षे चालला. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला. तळे नगरपालिकेचेच ठरले. पूर्वापार रूढी सिद्ध होऊ शकली नाही. ओंजळभर पाण्याचा हक्क सिद्ध होण्यास दहा वर्षे लागली!

हा झगडा केवळ तहान भागविण्यासाठी होता काय? नाही. पाण्यावाचून ते लोक आजवर जगले नव्हते. दुरून कोठून तरी, कोणाच्या तरी दयेने त्यांना पाणी मिळतच होते. त्यांना ते हक्काने हवे होते. दयेचे पाणी देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. शिपाई आला तर मिळते, न आला तर नाही. हक्काच्या पाण्यासाठी कोणाचे तोंड पाहावे लागत नाही.

हाच विचार पुढे आपल्या राज्यघटनेत आला. सार्वजनिक विहिरी, तलाव व स्नानघाट यांच्या वापरास जात, धर्म, वंश, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून कोणासही मनाई करता येणार नाही, असे तिच्या पंधराव्या अनुच्छेदात म्हटले आहे. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही पिण्याचे शुद्ध पाणी हा मानवी हक्क असल्याचे मान्य केले. महाडच्या पायऱ्यांवर जे कृतीने सांगितले गेले, ते जगाने त्र्याऐंशी वर्षांनी शब्दांत लिहिले.

मुलांनो, महाडच्या ठरावाप्रमाणे आजचा हक्कही नुसता कागदावर राहू शकतो. आपल्या गावच्या पाणवठ्यावर एकदा लक्षपूर्वक पाहा. कोणाच्या घरापासून तो सर्वांत दूर आहे? कोणाचा हंडा सर्वांत शेवटी भरतो? कोणाची बहीण पाण्याच्या खेपांपायी शाळेस मुकते? पाणी सर्वांचे आहे असे म्हणणे सोपे आहे. शेवटचा हंडा भरेपर्यंत तेथे थांबणे, हे त्या म्हणण्याचा अर्थ कळल्याचे लक्षण होय.

स्वाध्याय

१. शाळेतील नळाच्या प्रसंगातून भीमरावांच्या मनास काय वाटले असेल, ते तुमच्या शब्दांत लिहा.
२. नगरपालिकेने ठराव करूनही तळे सर्वांना खुले का झाले नाही?
३. ‘दयेचे पाणी’ आणि ‘हक्काचे पाणी’ यांतील भेद पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. ‘मार खाऊन हात न उचलणे हे मारण्याहून अवघड असते.’ या विधानाविषयी तुमचे मत सकारण लिहा.
५. तुमच्या वस्तीत पाणी कोठून येते व ते कोणास कसे मिळते, याची माहिती वडीलधाऱ्यांस विचारून दहा ओळी लिहा.