डंबेल की बँड? बस जरा, सांगते

अगं, तीन आठवडे झाले ना? मोबाइलवरच्या कार्टमध्ये एक किलोचे गुलाबी डंबेल आणि पाच रंगांच्या बँडचा सेट शेजारी शेजारी पडून आहेत. रोज रात्री लेकाला झोपवलं की उघडतेस, चार रिव्ह्यू वाचतेस आणि गोंधळून बंद करतेस. मीही या घोळातून गेलेय.

आधी ते गुलाबी डंबेल काढून टाक बघू. लिटरभर पाणी भरलेली बाटली एक किलोची होते. तू दोन वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन, दुसऱ्या हातात दळणाचा डबा धरून दोन जिने चढतेस. एवढं ओझं रोज पेलणाऱ्या अंगाला एक किलोने काय होणार? स्नायूला सवयीपेक्षा थोडं जास्त काम पडलं, तरच तो बळकट होतो. आणि दंड पुरुषी दिसतील ही धास्ती सोड. तसे दंड फुगायला लागणारं टेस्टोस्टेरॉन आपल्या अंगात पुरुषांच्या मानाने फार कमी असतं.

मग घ्यायचं काय? खरं सांगू का, तू आधी एक लांब बँड घे. डंबेल दोन महिन्यांनी.

का ते ऐक. आपला दिवस बघ कसा जातो. पोळ्या लाटायच्या, भांडी घासायची, लॅपटॉपसमोर बसायचं, मुलाला मांडीवर घ्यायचं. सगळं पुढ्यात आणि वाकून. खांदे पुढे येतात, मानेखाली ठणका लागतो. मागे ओढण्याचं काम दिवसभरात जवळजवळ नसतंच. आज्या विहिरीचं पाणी शेंदायच्या तेव्हा ते आपोआप व्हायचं. घरात नळ आला हे फारच चांगलं झालं, पण पाठीचं ते एक काम गेलं. बँड नेमका तेच परत देतो. सतरंजीवर पाय पसरून बस, बँड तळव्यांना अडकव, पाठ ताठ ठेव आणि कोपरं मागे नेत बरगड्यांपर्यंत ओढ. हेच डंबेलने करायचं तर कमरेतून वाकावं लागतं, आणि नवखेपणी पाठीचा बाक हमखास चुकतो. ‘रबराने कुठे ताकद येते?’ असं कुणी म्हटलं तर म्हणू दे. या विषयावरच्या अभ्यासांचा एक एकत्रित आढावा 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ताकद वाढण्याच्या बाबतीत बँड आणि नेहमीची वजनं यांच्यात ठळक फरक दिसला नव्हता.

आता माझी चूक सांगते, तुझ्या हातून ती व्हायला नको. माझा पहिला बँड मी घामाचा वास येतो म्हणून धुवायचे आणि कपड्यांसोबत बाल्कनीत उन्हात वाळत घालायचे. पूर्ण उन्हाळाभर. रबर उन्हाने कडक होतं, त्याला बारीक चिरा पडतात, हे माहीतच नव्हतं. त्यात पायात जोडवी. एका सकाळी जोर लावून ओढला आणि तो जोडव्यापाशी तुटून हनुवटीवर बसला. आठवडाभर वळ होता. डोळा वाचला, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो. म्हणून सांगते, आधी जोडवी, अंगठ्या, बांगड्या काढ. बँड तळव्यांना एकदा नाही, दोनदा गुंडाळ, म्हणजे निसटणार नाही. दर वेळी उजेडात धरून ताणून बघ, चीर दिसली तर सरळ फेकून दे. ओल्या फडक्याने पुसायचा, सावलीत वाळवायचा, खणात ठेवायचा. फुग्याने किंवा रबरी हातमोज्याने अंगाला खाज सुटत असेल तर लेटेक्स नसलेला बघून घे.

बँडचं मला एक पटत नाही. तू नेमकं किती ओढतेस ते कळत नाही. एका कंपनीचा हिरवा दुसरीच्या हिरव्याइतकाच कडक असेल असं नाही, आणि हात थोडा पुढे धरला की तोच बँड जड लागतो. सुरुवातीला सैल, शेवटी ताठ. डंबेलचं तसं नसतं. पाच किलो म्हणजे पाच किलो, आजही आणि दिवाळीतही. मागच्या महिन्यात तीन उचलत होते, आता पाच उचलते, हे वहीत लिहिताना जो हुरूप येतो ना, तो बँडने येत नाही.

आणि मांड्या-नितंबांना लवकरच बँड पुरेनासा होतो, तिथे वजनच हवं. डंबेल छातीशी धरायचा, खुर्चीवर अलगद बसायचं, उठायचं, एवढंच. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटतात आणि पाळी जाताना हाडं भराभर विरळ होतात, म्हणून हे तुला आत्ताच सांगतेय. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात पाळी गेलेल्या आणि हाडं विरळ झालेल्या बायकांनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास चांगली जड वजनं उचलली. त्यांच्या मणक्याच्या हाडांची घनता सुधारली. पण त्यांच्यासमोर प्रशिक्षक उभे होते हं. तसली वजनं घरी एकटीने उचलायची नाहीत.

डंबेल मात्र ऑनलाइन घेऊ नकोस. खेळाच्या सामानाच्या दुकानात ते बहुधा किलोच्या भावाने मिळतात. तिथेच हातात घे, दहा-बारा वेळा उचल. शेवटच्या दोन वेळा कष्ट पडले पण पाठ वाकडी झाली नाही, तर ते वजन तुझं. सहा कोनांचे, रबर चढवलेले घे. गोल असतात ते घरंगळतात, आणि घरात रांगतं-धावतं पोर आहे. प्लॅस्टिकच्या आत सिमेंट भरलेले स्वस्त पडतात, पण आपटले की फुटून भुगा सांडतो. खाली गोधडीची घडी टाक, खालच्या मजल्यावरच्या काकूंचीही झोपमोड नको.

वेळ कुठून आणू, हेच विचारणार ना तू? रोज नकोच आहे गं. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये दिलेल्या सूचनांतही चालण्या-फिरण्यासोबत स्नायूंचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस, एवढंच म्हटलंय. मंगळवार आणि शुक्रवार धर. वीस मिनिटं. मध्येच पोरगा उठला तर जेवढं झालं तेवढं झालं. ओढताना श्वास सोड, कोंडून धरू नकोस. सिझेरियननंतर पोटात अजून ओढ लागते म्हणाली होतीस ना, तर सुरू करण्याआधी तुझ्या डॉक्टरांना एकदा विचारून घे, ते टाळू नकोस.

चल, आता कार्ट उघड. सेटमधले पाच बँड नकोत, एकच लांब, मध्यम कडक घे. आणि मंगळवारी सकाळी आंघोळीला जाशील तेव्हा जोडवी काढून आरशापाशी ठेव.