सामायिक साठवणुकीशी जोडणी तुटते तेव्हा

लहान व्यापारी पेढी असो वा लेखापालाचे कार्यालय, हिशेबाच्या फायली आता अनेक ठिकाणी एकाच संगणकात राहत नाहीत. त्या नेटवर्कला जोडलेल्या एका साठवण-पेटीत असतात आणि सर्व संगणकांवर ती पेटी एखाद्या ड्राइव्हसारखी दिसते. जीएसटीचे मासिक विवरणपत्र २० तारखेपर्यंत भरायचे असते आणि नेमके १९ तारखेला एका संगणकावर ‘नेटवर्क पाथ सापडत नाही’ असा संदेश उमटतो. अशा वेळी दोषापेक्षा घाई अधिक घातक ठरते. कारण घाईत विचारपूर्वक बंद केलेली दारेही उघडली जातात.

प्रथम शेजारच्या संगणकावर तेच फोल्डर उघडून पाहावे. तेथेही ते उघडत नसेल, तर दोष पेटीत किंवा तिच्या तारेत असण्याचा संभव अधिक. फोल्डर एखाद्या सहकाऱ्याच्या संगणकावर असेल, तर तो संगणक ‘स्लीप’मध्ये गेलेला नाही ना, एवढे पाहणे पुष्कळदा पुरते. तक्रार एकाच संगणकाची असेल, तर त्याचा आयपी पत्ता पाहावा. तो १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, असे समजावे. ‘इंटरनेट तर चालू आहे’ हा युक्तिवाद मात्र फसवा आहे. पाहुण्यांसाठीच्या वाय-फायशी जोडलेल्या लॅपटॉपवर इंटरनेट सुरळीत चालते, पण कार्यालयातील पेटी सहसा दिसत नाही. आणि ती दिसू नये हेच योग्य.

यानंतर पेटीच्या नावाऐवजी तिचा आयपी पत्ता, त्याआधी दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन, टाइप करावा. फोल्डर उघडले, तर जोडणी शाबूत असून केवळ नावाचा मेळ बसत नाही, हे सिद्ध होते. याउलट, क्रमांकाने जोडलेला ड्राइव्ह वीज जाऊन आल्यावर बंद पडला असेल, तर राउटरने पेटीला नवा पत्ता दिला असावा. पेटीसाठी एक पत्ता राउटरमध्ये राखून ठेवला की ही कटकट मिटते.

‘प्रवेश नाकारला’ हा संदेश त्यामानाने शुभसूचक म्हणावा लागेल. दार सापडले आहे, फक्त ओळख पटलेली नाही. पासवर्ड नुकताच बदलला असेल, तर विंडोजच्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये जुनाच पासवर्ड जपून ठेवलेला असू शकतो. तोच पुन्हा पुन्हा पाठवला गेल्याने खातेही कुलूपबंद होऊ शकते. जुनी नोंद काढून नव्याने प्रवेश करावा.

एवढे करूनही पेटी दाद देत नसेल, तर प्रश्न बहुधा बोलीचा असतो. विंडोज संगणक आणि अशा पेट्या ‘एसएमबी’ नावाच्या पद्धतीने फायलींची देवाणघेवाण करतात. तिच्या पहिल्या आवृत्तीतील त्रुटीवर मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये उपाय प्रसृत केला होता. तो न बसवलेल्या संगणकांवर १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने झडप घातली आणि ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून विंडोज १० च्या नव्या आवृत्तीत ही जुनी बोली काढून टाकण्यास प्रारंभ झाला. विंडोज ११ च्या २०२४ मधील २४एच२ आवृत्तीने, प्रो आदी कार्यालयीन प्रकारांत, आणखी कडक पवित्रा घेतला: पासवर्डविना ‘गेस्ट’ म्हणून होणारी जोडणी तेथे मुळातच अडवली जाते. म्हणून काल चालणारी जुनी पेटी संगणक अद्ययावत होताच मुकी झाल्यासारखी वाटते.

जुनी बोली पुन्हा सुरू करणे किंवा ‘गेस्ट’ला वाट मोकळी करणे, हा उपाय परिचित तंत्रज्ञ दोन मिनिटांत करून देतो. तो स्वीकारू नये. एका संगणकात शिरलेले खंडणीखोर सॉफ्टवेअर सामायिक ड्राइव्हवरील फायलीही कुलूपबंद करते. मग एका टेबलाचा प्रश्न साऱ्या पेढीचा होतो. त्याऐवजी पेटीचे फर्मवेअर अद्ययावत करावे, तिच्या सेटिंगमध्ये एसएमबीची तिसरी, निदान दुसरी आवृत्ती निवडावी आणि प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतंत्र नाव व पासवर्ड द्यावा. पेटी इतकी जुनी असेल की यांतील काहीच शक्य नाही, तर जो संगणक तिच्याशी अजून बोलतो त्यावरून सर्व फायली नव्या साधनावर घ्याव्यात, त्या उघडतात याची खात्री करावी आणि मगच जुनी पेटी निवृत्त करावी.

दरम्यान विवरणपत्राचे काम फोल्डर उघडणाऱ्या दुसऱ्या संगणकावरून करावे. पेन ड्राइव्हवर प्रत घेतलीच, तर मूळ फाइलला त्या दिवसापुरता कोणी हात लावणार नाही, हे सर्वांना सांगून ठेवावे. अन्यथा सायंकाळी एकाच खतावणीच्या दोन वेगवेगळ्या बेरजा समोर येतात.