सदाफुली, काढा आणि डॉक्टर

आमच्या कॉलेजच्या बागेत सदाफुलीचा एक ताटवा आहे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी वनस्पतिशास्त्राच्या सरांनी त्यातले रोप दाखवून सांगितले, की कर्करोगावरची दोन औषधे या झाडाने दिली. कॅनडातील नोबल आणि बीअर हे संशोधक मधुमेहावरचे लोकौषध म्हणून सदाफुलीची पाने तपासत होते. प्रयोगातील प्राण्यांच्या रक्तातली साखर काही उतरेना. पांढऱ्या पेशी मात्र घटू लागल्या. त्यातून १९५८ च्या सुमारास विनब्लास्टिन हाती आले. पुढे याच झाडातून मिळालेले विनक्रिस्टिन लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात आजही देतात.

त्या वेळी घरी आत्याची स्तनाच्या कर्करोगावर केमोथेरपी चालू होती. मी हौसेने तिला ही हकिकत सांगितली. ती म्हणाली, "मग सुया कशाला टोचून घ्यायच्या? परसात झाड आहे की!" मी हसले. दुसऱ्या दिवसापासून ती मूठभर पानांचा काढा घेऊ लागली.

तिसऱ्या खेपेला तिच्या पांढऱ्या पेशी फारच उतरल्या आणि केमो पुढे ढकलावी लागली. डॉक्टरांनी कन्नडमध्ये विचारले, "बाहेरचे काही औषध घेता का?" आत्याला कन्नड जेमतेम कळते; दुभाषी मीच. आमच्या आधीच्या रुग्णाला "झाडपाला करायचा तर इथे येऊ नका" असे त्यांनी सुनावलेले मी ऐकले होते. मी आत्याला प्रश्न सांगितलाच नाही. "इल्ल" म्हणून मोकळी झाले.

त्या "इल्ल"ने माझी झोप उडविली. मग मी या विषयावर वाचू लागले.

प्रथम दोन शब्दांतील भेद ध्यानात घ्यावा. मुख्य उपचारासोबत घेतात ते पूरक. त्याच्या जागी घेतात ते पर्यायी. योगासनांनी थकवा कमी होतो, ॲक्युपंक्चरने काही रुग्णांचे सांधे कमी दुखतात, याला अभ्यासाचा आधार आहे. हे झाले पूरक. परंतु पूरकातून पर्यायी कधी होते, ते रुग्णाला कळतही नाही. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पूरक उपचार घेणाऱ्या २५८ रुग्णांची इतर १०३२ रुग्णांशी तुलना केली. पहिल्या गटातील मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट निघाला. कारण पाहता, त्या गटातील पुष्कळांनी शस्त्रक्रिया, केमो किंवा किरणोपचार यांपैकी काही ना काही नाकारले होते.

पोटात घेण्याच्या वनस्पतींची गोष्ट आणखी निराळी. सेंट जॉन्स वर्ट ही युरोपातील वनस्पती मन प्रसन्न राहावे म्हणून लोक घेतात. २००२ मध्ये असे दिसून आले, की तिच्यामुळे इरिनोटेकॅन या कर्करोगावरील औषधाचा रक्तातील प्रभावी अंश ४२ टक्क्यांनी घटतो. म्हणजे सलाईनमधून औषध पुरे जाते, पण काम अपुरे होते!

मग रुग्ण सांगत का नाहीत? १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका पाहणीत असे उपचार करणाऱ्या सर्वसाधारण लोकांपैकी ७२ टक्के लोकांनी ते आपल्या डॉक्टरांना सांगितले नव्हते. आमच्या घरचे कारण मला ठाऊक आहे. केमोत आत्याच्या हाती काहीच नव्हते. काढा मात्र ती स्वतः उकळत होती. डॉक्टरांना तो अडाणीपणा वाटणार, ही भीती. आणि डॉक्टरांचा रागही अकारण नव्हे. गाठ वाढल्यावर उशिरा आलेले रुग्ण ते रोज पाहतात. पण रागाने काढा थांबत नाही, फक्त लपतो.

पुढच्या खेपेला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मोडक्या मराठीत आत्यालाच विचारले, "मावशी, घरी काय काय घेता? मी रागावणार नाही." आत्याने मुकाट्याने पिशवीतून काढ्याची बाटली आणि हळदीच्या गोळ्या काढल्या. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही बंद करायला सांगितल्या. जेवणातली हळद चालेल, प्राणायाम जरूर करा, म्हणाल्या. औषधात अंश मोजून काढलेला असतो, काढ्यात तो किती हे कोणीच मोजलेले नसते, एवढेच त्यांनी समजाविले. आत्याला ते पटले.

पेशी पुढे वाढल्या आणि केमो पुरी झाली. काढा थांबविल्यानेच वाढल्या असे मी म्हणणार नाही. केमोनेही त्या उतरतात आणि सावरतात. पण कारणे दोन असू शकत होती, डॉक्टरांपुढे एकच होते, आणि दुसरे मी दडविले होते.

आपल्या सीमाभागात आपण विद्यार्थीच घरच्या वडीलधाऱ्यांचे दुभाषी असतो. मित्रहो, दवाखान्यात जाताना घरातला प्रत्येक काढा, पूड, गोळी कागदावर लिहून न्या. डॉक्टरांचा प्रश्न पुरा सांगा आणि उत्तरही पुरे सांगा. आपल्याकडून गाळलेला एक शब्द रुग्णाला महागात पडू शकतो.